नऊ सिस्ट, चार ‘तुटके’ आणि एक नवी स्पीशीज? आधी तोंड शोधा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे काही चुकीचं समजलो असेन तर सांगता येईल. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही कच्छमधल्या एका लिग्नाइट खाणीजवळच्या बोअरहोलचे इओसीन (सुमारे साडेपाच ते साडेतीन कोटी वर्षांपूर्वीचे) शेल, म्हणजे चिखलाचे थर दबून झालेले खडक, तपासताय. पाच स्लाइडमध्ये मिळून एकाच प्रकारचे नऊ डायनोफ्लॅजेलेट सिस्ट, म्हणजे एका सूक्ष्म शैवालाची टिकाऊ कवचं, मिळाले. गोलसर देह, ५० ते ६० मायक्रॉन, चहूबाजूंनी पोकळ नळ्यांसारखे काटे, काहींची टोकं तुतारीसारखी फुललेली, काहींची फाटलेली. हाताशी असलेल्या अॅटलासमधल्या एकाही फोटोशी ते नीट जुळत नाहीत. गाइड म्हणतात, नवी स्पीशीज म्हणून टाका. तुम्हाला हवंय ते वर्णन लिहायचा क्रम, कुठल्या जीनसमध्ये आणि कुलात बसवायचं ते, आणि नाव द्यायची पद्धत. शेवटी जाता जाता विचारलंय, ‘नऊपैकी चार नमुने अर्धे तुटलेले आहेत, ते मोजायचे का?’

माझ्या मते तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा शेवटचाच आहे. त्याकडे येतोच.

आधी शब्दांचं एक सांगून टाकतो. जुन्या मराठी पाठ्यग्रंथांत ‘प्रजाती’ म्हणजे जीनस आणि ‘जाती’ म्हणजे स्पीशीज. हल्लीच्या वर्तमानपत्रांत ‘प्रजाती’ म्हणजे स्पीशीज. या गोंधळात पडायला नको म्हणून मी सरळ जीनस आणि स्पीशीज म्हणतो. प्रयोगशाळेत आम्ही तेच म्हणायचो.

आता खरी अडचण. वर्णन कसं लिहावं हा पुढचा भाग झाला. त्याआधी ठरवायला हवं की तुम्ही जे बघताय ते नक्की काय आहे. हा एका सूक्ष्म शैवालाच्या आयुष्यातला झोपेचा टप्पा आहे. पोहणारी पेशी वेगळी, तिच्या अंगावर सेल्युलोजचे पट्ट, म्हणजे फरश्यांसारखे जोडलेले तुकडे, आणि ती मेल्यावर सहसा काहीच उरत नाही. परिस्थिती बदलली की काही स्पीशीज आतल्या आत चिवट कवच बनवून तळाशी बसतात. पुन्हा अनुकूल दिवस आले की त्या कवचाला ठरलेल्या जागी दार उघडतं आणि पेशी बाहेर पडते. आपल्या हाती लागतं ते हे रिकामं घर. आज जिवंत असलेल्या डायनोफ्लॅजेलेटांपैकी साधारण दहा ते वीस टक्केच असं टिकाऊ घर बांधतात. कोकणच्या किनाऱ्यावर रात्री लाटांत निळा उजेड पाडणारी नॉक्टिल्यूका हीसुद्धा डायनोफ्लॅजेलेटच, पण खडकात तिचा मागमूस राहत नाही.

त्या दाराला आर्किओपाइल म्हणतात आणि त्याच्या झाकणाला ऑपरक्युलम. संपूर्ण वर्गीकरण या दाराभोवती फिरतं. १८३० च्या दशकात एहरनबर्ग या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने गारगोटीच्या पातळ कपच्यांत हे काटेरी गोळे पाहिले आणि त्यांना गोड्या पाण्यातल्या शैवालांच्या झँथिडियम या जीनसमध्ये घातलं. पुढे मँटेल या इंग्लिश भूवैज्ञानिकाने १८५० मध्ये स्पिनिफेराइट्स हे नाव दिलं. त्यानंतर शंभर वर्षं लोक काटे मोजत बसले आणि हे सगळं ‘हिस्ट्रिकोस्फिअर’ नावाच्या एका पोत्यात भरत गेले. १९६१ मध्ये विल्यम एव्हिट या अमेरिकी संशोधकाने दाखवून दिलं की यांतल्या बऱ्याच गोळ्यांना ठरावीक आकाराचं, ठरावीक जागी उघडणारं दार आहे, ती जागा डायनोफ्लॅजेलेटच्या एखाद्या पट्टाशी तंतोतंत जुळते, आणि काट्यांची मांडणीसुद्धा पट्टांचीच नक्कल करते. ज्यांचं नातं ठरेना त्यांच्यासाठी त्याने १९६३ मध्ये ‘अॅक्रिटार्क’ हे वेगळं पोतं केलं. काटे नजरेत भरतात, दार शोधावं लागतं. शंभर वर्षं नजरेत भरणाऱ्या गोष्टीमागे गेली, तर एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याकडून चार महिन्यांत तसं झालं तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मीही तिथेच आपटलो होतो. नोकरीची सुरुवातीची वर्षं. एका विहिरीच्या क्रेटेशियस (डायनासोरांच्या काळातल्या) भागातून मला चौदा सिस्ट मिळाले, आत गडद रंगाचा एक छोटा कोनदार ‘अंतर्देह’ असलेले. असं कुठेच छापलेलं नव्हतं. मी दोन पानी वर्णन लिहिलं, लॅटिन नावसुद्धा मनात ठरवलं. आमच्या प्रयोगशाळेतल्या वरिष्ठ बाईंनी स्लाइड लावली, मिनिटभर फोकस वरखाली केला आणि एवढंच विचारलं, ‘ह्याचं तोंड कुठंय?’ मला सांगता येईना. मग त्यांनी त्या ‘अंतर्देहा’ची कडा दाखवली. पाच कोनांचा तो तुकडा म्हणजे सिस्टचं स्वतःचंच झाकण होतं, सुटून आत पडलेलं. वरच्या भिंतीत त्याच मापाचं भोक होतं, ते मी भिंत पातळ झाली असेल म्हणून सोडून दिलं होतं. दार सापडताच माझी नवी स्पीशीज एका फार जुन्या, फार सामान्य स्पीशीजमध्ये विरघळली. ती दोन पानं बाईंनी फाडली नाहीत, फाइलला लावून ठेवायला लावली.

तर तुमचे चार ‘तुटके’. सिस्ट तुटण्याचे दोन प्रकार. पहिला, खरोखर तुटणं: गाळ दबताना, शेल फोडताना, किंवा अल्ट्रासॉनिकमध्ये (ध्वनिलहरींनी धुणाऱ्या यंत्रात) जास्त वेळ ठेवल्याने. तेव्हा कडा पापड मोडल्यासारखी वेडीवाकडी येते आणि प्रत्येक नमुन्यात वेगळ्या ठिकाणी येते. दुसरा प्रकार म्हणजे उघडणं. कडा स्वच्छ असते, पट्टांच्या शिवणीवरून जाते, मध्येमध्ये हलके कोन असतात, आणि उघडलेल्या प्रत्येक नमुन्यात तिची जागा तीच. नऊपैकी चार जर बरोबर कमरेवरच दुभंगले असतील तर मी त्याला अपघात म्हणणार नाही. कमरेवरून सबंध वरचा भाग सुटून निघणं हाही आर्किओपाइलचाच एक प्रकार आहे. त्याला एपिसिस्टल आर्किओपाइल म्हणतात. गोनिओडोमेसी कुलातल्या होमोट्रिब्लियम आणि पॉलिस्फेरिडियम या जीनसांत तो दिसतो, आणि उथळ, उष्ण, खाजणासारख्या इओसीन पाण्यात हे दोन्ही सापडणं अगदी स्वाभाविक आहे. लिग्नाइटच्या शेजारी तर आणखीच.

हे दोघे वेगळे कसे ओळखायचे? काटे मोजून. होमोट्रिब्लियममध्ये साधारण एका पट्टावर एक काटा, त्यामुळे पूर्ण सिस्टवर मिळून पंचवीस-तीसच्या आसपास. खालच्या वाटीत, म्हणजे कमरेपासून खालच्या अर्ध्या भागात, कमरेच्या पट्ट्यावर सहा काटे एका ओळीत, त्याखाली दुसरी ओळ, तळाला एक, शिवाय पोटाच्या खाचेत एखाददुसरा बारका. पॉलिस्फेरिडियममध्ये काट्यांची गर्दी असते, ओळी दिसत नाहीत आणि पट्टांशी हिशेब लागत नाही. त्यातलं पॉलिस्फेरिडियम झोहारी आजही जिवंत आहे. पायरोडिनियम बहामेन्स नावाच्या, शिंपल्यांत विष भरणाऱ्या डायनोफ्लॅजेलेटचा तो सिस्ट. तुम्ही ‘नळ्यांसारखे, तुतारीसारखी टोकं’ लिहिलंय, त्यावरून माझा कल होमोट्रिब्लियमकडे जातो. पण मी नमुना पाहिलेला नाही. एका वाक्याच्या वर्णनावरून जीनस सांगणारा माणूस आणि फोनवरून पत्रिका पाहणारा माणूस यांत मला फारसा फरक वाटत नाही, म्हणून हा अंदाज अंदाजच धरा.

काटे मोजताना एक फसगत हमखास होते. सिस्ट पारदर्शक असतो, त्यामुळे वरची आणि खालची भिंत एकमेकांवर दिसते. घरी एक प्रयोग करून बघा. एक मोसंबं घ्या. त्यावर मार्करने मधोमध एक पट्टा आखा, पट्टा जिथे सुरू होतो तिथून थोडा खाली येऊन संपतो असं दाखवा, मग त्या सांध्यातून खाली जाणारी उभी खाच काढा. तो पट्टा म्हणजे सिंग्युलम, खाच म्हणजे सल्कस, आणि खाचेची बाजू म्हणजे पोट. आता पट्ट्याच्या वर सहा घरं, डोक्यावर चार, खाली सहा, तळाला एक, असे कप्पे आखून प्रत्येकात एक टाचणी खोचा. ही झाली गोनिओलॅकॉइड (डायनोफ्लॅजेलेटांच्या एका मोठ्या शाखेची) मांडणी, थोडी सोपी केलेली. पोटाकडून पाहिलंत तर मोसंब्याची डावी बाजू तुमच्या उजव्या हाताला येते. आता मोसंबं काचेचं आहे अशी कल्पना करा आणि पोटाकडून पाहत पाहत पाठीची भिंत बघा. ती आतून दिसतेय, म्हणजे उलटी, आरशातल्यासारखी. मायक्रोस्कोपमध्ये खालच्या फोकसला नेमकं हेच घडतं. त्यामुळे प्रत्येक नमुन्याची दोन चित्रं काढा, वरच्या फोकसची आणि खालच्या फोकसची, आणि प्रत्येकाखाली ‘वरून’ किंवा ‘आरपार’ असं लिहा. फोटो काढलात तरी चित्र काढा. हात काढायला लागला की डोळ्यांनी सोडून दिलेले काटे दिसायला लागतात. बारीक पेन्सिल, साधा कागद, कॅमेरा ल्युसिडा (मायक्रोस्कोपमधली प्रतिमा कागदावर दाखवणारं साधन) असेल तर उत्तम, नसेल तर नसू दे.

दार सापडलं, दिशा ठरली, मांडणी समजली, की मग वर्गीकरणाची वाट बरीचशी आपोआप उघडते. पाठीवरच्या मधल्या, पट्ट्याच्या लगेच वरच्या एका घराएवढं दार असेल तर गोनिओलॅकॉइडांची मोठी शाखा. स्पिनिफेराइट्स, ऑपरक्युलोडिनियम, कॉर्डोस्फेरिडियम तिथे बसतात. डोक्याचा सगळा शेंडाच उडालेला असेल आणि खालची कडा नागमोडी असेल तर अॅरिओलिजेरा, ग्लॅफिरोसिस्टा यांच्या बाजूला बघायचं. पाठीवरच, पण डोक्याच्या आणि पट्ट्याजवळच्या घरांच्या मधल्या ओळीतला पट्ट निघाला असेल तर पेरिडिनिऑइड, म्हणजे दुसरी मोठी शाखा. कमरेवरून अर्धा सुटला तर वर सांगितलेलं गोनिओडोमेसी. कुलापर्यंतची ही चौकट १९९३ मध्ये फेन्सम आणि सहकाऱ्यांनी घालून दिली, तिच्यात जिवंत आणि जीवाश्म दोन्ही एकत्र घेतले आहेत, आणि कामचलाऊ म्हणून ती अजून उत्तम आहे. काटे, जाळी, दाणे, भिंतीचे थर हे सगळं त्यानंतर येतं. साधारणपणे दार आणि पट्ट कुल आणि जीनस ठरवतात, सजावट स्पीशीज ठरवते. ‘साधारणपणे’ हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण दाराच्या बारकाव्यांना किती वजन द्यायचं यावर मोठे लोकही भांडतात.

ताजं भांडण सांगतो. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी, पॅलिओसीन-इओसीनच्या सीमेवर पृथ्वी अचानक तापली तेव्हा अपेक्टोडिनियम हा काटेरी पेरिडिनिऑइड जगभर फोफावला. मेघालयातल्या थरांतही तो आहे. त्या घटनेची ओळख पटवणारी अपेक्टोडिनियम ऑगस्टम ही स्पीशीज प्रत्येक पॅलिनॉलॉजिस्टला (परागकण आणि असे सूक्ष्म जीवाश्म अभ्यासणाऱ्याला) तोंडपाठ होती. २०१५ मध्ये विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी या सगळ्या उपकुलाची फेररचना केली. त्यांचं म्हणणं, दाराचा आकार आणि झाकण सुटतं की चिकटून राहतं यावर जीनस ठरवायला हवेत. ऑगस्टम अॅक्सिओडिनियममध्ये गेली. दोनच वर्षांनी बायल आणि इतर नऊ जणांनी उत्तर छापलं: दाराच्या आकारातला हा फरक एकाच समूहात हळूहळू बदलताना दिसतो, त्यावर जीनस तोडणं बरोबर नाही. आज तुम्हाला दोन्ही नावं छापलेली दिसतील. मी स्वतः दुसऱ्या बाजूकडे झुकतो, कारण गर्दी असलेल्या नमुन्यात मला तो सरकता बदल दिसलेला आहे. पण तुमच्या दृष्टीने यातून एवढंच घ्यायचं की दोन्ही पक्षांचा वाद दारावरूनच आहे. काट्यांवरून कोणी भांडत नाही.

काट्यांवरून का भांडत नाही, त्यालाही कारण आहे. लिंगुलोडिनियम मॅकेरोफोरम हा सिस्ट आजच्या समुद्रांत भरपूर मिळतो. नेहमीच्या खारट पाण्यात त्याचे काटे लांब, बाल्टिक किंवा काळ्या समुद्रासारख्या कमी खारट पाण्यात आखूड, कधी नुसते फोड आल्यासारखे. मर्टेन्स आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जगभरचे नमुने मोजून काट्यांच्या सरासरी लांबीचा पाण्याच्या क्षारतेशी आणि तापमानाशी संबंध दाखवला. म्हणजे हा सगळा एकाच स्पीशीजचा अवतार. जीवाश्मात असे दोन टोकांचे नमुने वेगवेगळ्या माणसांना सापडले असते तर दोन-तीन नावं नक्की पडली असती. पडलेलीही आहेत, वेगवेगळ्या गटांत. उलटही घडतं. १९६० च्या दशकात वॉल आणि डेल यांनी तळाच्या गाळातले जिवंत सिस्ट उबवून त्यांतून कोण बाहेर येतं ते पाहिलं, तेव्हा स्पिनिफेराइट्सच्या निरनिराळ्या सिस्टांतून एकमेकांसारख्याच दिसणाऱ्या गोनिओलॅक्स पेशी निघाल्या. पोहणाऱ्या रूपावर नावं देणारे आणि सिस्टवर नावं देणारे यांची गाठ तिथे पडली आणि अजून पुरती सुटलेली नाही.

आता नऊचा प्रश्न. नऊ नमुन्यांवर नवी स्पीशीज करता येते का? नियम आकडा सांगत नाही. एका नमुन्यावरही नाव वैध ठरतं. पण वैध आणि उपयोगी यांत फरक आहे. माझ्या सवयीप्रमाणे पंचवीस-तीस नमुने मोजल्याशिवाय मी मापांवर विश्वास ठेवत नाही. लहान, सरासरी, मोठं, असे तीन आकडे आणि किती मोजले तो चौथा. तुमच्या नऊतले चार अर्धे, म्हणजे देहाची पूर्ण उंची मोजता येतील असे पाचच. पाचांवरून ‘५० ते ६० मायक्रॉन’ ही मर्यादा लिहिलीत तर सहावा नमुना ६६ चा सापडला की तुमचं वर्णन खोटं पडेल. म्हणून पहिला सल्ला: आणखी स्लाइड करा. त्याच नमुन्याचा उरलेला अवशेष १५ मायक्रॉनच्या चाळणीवर पुन्हा चाळून जाड भागाच्या पाच-सहा स्लाइड. वरच्या-खालच्या एक-दोन मीटरचे नमुनेही बघा. मॅसरेशनमध्ये (खडक अॅसिडमध्ये विरघळवून सिस्ट सुटे करताना) नायट्रिक अॅसिड किती वेळ दिलं तेही तपासा. पातळ भिंतीचे तपकिरी पेरिडिनिऑइड त्यात सगळ्यात आधी जातात, आणि काट्यांची टोकं ‘फाटलेली’ दिसण्यामागे ऑक्सिडेशन किंवा अल्ट्रासॉनिक असू शकतं. एक भाग अजिबात ऑक्सिडाइझ न करता लावून बघा. तिथेही टोकं फाटलेली असतील तर मग ती खरोखर तशी आहेत. आणि हायड्रोफ्लुओरिक अॅसिड वापरताना कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (त्या अॅसिडने भाजल्यावर लावायचं) हाताशी आहे ना? हे विचारल्याबद्दल राग मानू नका. फार ठिकाणी नसतं.

बोअरहोल कोअरचं (सलग दंडगोल काढलेलं) आहे की कटिंगचं (खोदताना वर आलेल्या तुकड्यांचं), हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि त्यावर बरंच अवलंबून आहे. खोदताना वरच्या थरांतली माती विहिरीत ढासळते आणि चिखलाबरोबर पुन्हा वर येते. कटिंगमध्ये ‘२१० मीटर’ लिहिलेल्या पाकिटात १५० मीटरचे सिस्ट बिनदिक्कत बसलेले असतात. कटिंगमधल्या नमुन्याला होलोटाइप (स्पीशीजच्या नावाचा कायमचा आधार असलेला एकच नमुना) केलं तर त्या स्पीशीजचं वयच कायम संशयात राहतं. कोअर असेल तर प्रश्न नाही. नसेल तर जवळच्या खाणीच्या भिंतीतून त्याच थराचा ताजा नमुना घ्या, उन्हापावसाने पिवळा पडलेला नको, खणून आतला करडा घ्या.

समजा हे सगळं करूनही ते कशातच बसत नाहीत. काटे पट्टांप्रमाणे एकेक आहेत, दार कमरेवर आहे, पण काट्यांचा आकार माहीत असलेल्या कुठल्याही होमोट्रिब्लियमशी जुळत नाही. तरी घाई करू नका. लेन्टिन आणि विल्यम्स यांची नावांची सूची, १९७३ पासून आवृत्त्यांमागून आवृत्त्या वाढत आलेली, आणि तिचं ऑनलाइन रूप असलेली डायनोफ्लाज३ ही यादी उघडा. त्या जीनसखालची प्रत्येक स्पीशीज, तिचा मूळ लेख, मूळ वर्णन, मूळ फोटो. ‘मूळ’ हा शब्द महत्त्वाचा. अॅटलास म्हणजे कुणीतरी कुणाला तरी पाहून ओळखलेल्या नमुन्यांचा अल्बम. तुलना करायची ती होलोटाइपच्या चित्राशी. हे कंटाळवाणं काम आहे, त्याला दोन आठवडे लागतात, आणि दहापैकी आठ वेळा नवी स्पीशीज याच दोन आठवड्यांत मरते. मरू द्या. ‘पूर्वी फक्त अमुक देशातून माहीत असलेली स्पीशीज कच्छमध्ये’ हाही छान निष्कर्ष आहे.

उरलीच तर वर्णन. क्रम माझा असा असतो, पण तो पाळलाच पाहिजे असं नाही. सुरुवातीला दोन-तीन वाक्यांत निदान: फक्त तेच गुण, ज्यांनी ही स्पीशीज शेजारणींपासून वेगळी निघते. मग सविस्तर वर्णन बाहेरून आत न जाता मोठ्याकडून लहानाकडे: एकूण आकार, भिंतीचे थर आणि ते एकमेकांना कुठे चिकटलेत, भिंतीचा पोत, काटे (पोकळ की भरीव, बुंध्याशी देहात उघडतात की बंद, टोकाला उघडे की मिटलेले, संख्या, मांडणी), पट्टांच्या खुणा, सिंग्युलम, सल्कस, आणि दार, त्याचा प्रकार आणि झाकण सुटं की चिकटलेलं. मग मापं. मग तुलना, आणि हा भाग आळस न करता लिहा. ‘अबक पेक्षा वेगळी आहे’ एवढं पुरत नाही. अबकमध्ये काटे भरीव, आमच्यात पोकळ, असं गुणाशी गुण लावून. जे दिसलं नाही तेही लिहा: ‘सल्कसचे काटे पाहता आले नाहीत.’ पुढच्या माणसाला त्या एका वाक्याचा उपयोग बाकी सगळ्यापेक्षा जास्त होतो.

एक कसोटी मी स्वतःला लावायचो. वर्णन लिहून झालं की फोटो झाकून शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला ते वाचायला द्यायचं आणि काढायला सांगायचं. त्याने काढलेलं चित्र माझ्या सिस्टसारखं निघालं नाही, तर चूक माझ्या वाक्यांत. ‘काटे मध्यम लांबीचे’ वाचून कोणी काय काढणार? ‘देहाच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाएवढे’ म्हटलं की पेन्सिल चालते.

नावाचे नियम वनस्पतिशास्त्राच्या संहितेतून येतात, जरी प्राणिशास्त्रज्ञांनीही या जीवांवर कधीपासून हक्क सांगितलेला आहे. तुम्हाला लागतील ते मोजकेच. वर्णन किंवा निदान इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये हवं. जीवाश्मांसाठी ही अट १ जानेवारी १९९६ पासून आहे. होलोटाइप म्हणून एकच नमुना हवा, ‘होलोटाइप’ किंवा ‘टाइप’ हा शब्द छापून यायला हवा, आणि तो कुठल्या एका संस्थेत ठेवलाय ते लिहायला हवं. हे १९९० पासून. फोटो हवाच, आणि २००१ पासून किमान एक फोटो होलोटाइपचाच आहे असं स्पष्ट म्हणायला हवं. टाइप म्हणजे प्रत्यक्ष सिस्ट, त्याचा फोटो नव्हे. म्हणून ती स्लाइड जपणं आलं. इंग्लंड फाइंडरचा (स्लाइडवरची जागा सांगणाऱ्या चौकटी आखलेल्या काचेचा) आकडा लिहा, काचेवर बारीक वर्तुळ करा, जमलं तर तो एक सिस्ट पापणीच्या केसाच्या सुईने उचलून वेगळ्या स्लाइडवर ग्लिसरीन जेलीत लावा आणि कडा सील करा. एका ठिकाणी माझ्या ओळखीच्या माणसाची टाइप स्लाइड कपाट हलवताना हरवली. ‘विभागात उपलब्ध’ एवढंच छापलेलं होतं. पुढची वीस वर्षं त्या स्पीशीजबद्दल कोणी खात्रीने बोलू शकलं नाही. लखनौच्या बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थेसारख्या, नमुना-संग्रह नीट चालवणाऱ्या ठिकाणी स्लाइड जमा करता येते का ते गाइडना आत्ताच विचारायला सांगा, लेख स्वीकारल्यावर नाही.

शब्दाचं लिंगही सांभाळा. ‘डिनियम’ने संपणारी जीनसची नावं नपुंसकलिंगी, म्हणून ऑगस्टम. ‘सिस्टा’ने संपणारी स्त्रीलिंगी, ‘आइट्स’ने संपणारी पुल्लिंगी, म्हणून स्पिनिफेराइट्स रामोसस. होमोट्रिब्लियम नपुंसकलिंगी आहे, तेव्हा कच्छवरून नाव द्यायचं मनात असेल तर शेवट ‘एन्से’ असा येईल. गावाचं नाव देण्यापेक्षा गुणावरून दिलेलं नाव मला बरं वाटतं. ज्याला कच्छ कुठे आहे हे ठाऊक नाही त्यालाही ते काही सांगतं.

आणि हे सगळं प्रबंधात छापू नका. प्रबंधातलं नाव सहसा संहितेच्या दृष्टीने प्रसिद्ध झालेलं धरत नाहीत. पण लोक ते वाचतात, आपल्या तक्त्यांत घालतात, आणि मग वर्णन नसलेलं एक नाव वर्षानुवर्षं भटकत राहतं. प्रबंधात ‘होमोट्रिब्लियम स्पीशीज ए’ लिहा. सोबत वर्णन, मापं, फोटो सगळं द्या, फक्त नाव देऊ नका. गाइडना हे पटवणं अवघड जाईल याची मला कल्पना आहे. नवी स्पीशीज सीव्हीवर बरी दिसते. त्यांना म्हणा, नाव लेखात देऊ, तुमचंही नाव त्यावर असेल. बहुतेक वेळा एवढ्याने भागतं.

तर आज संध्याकाळी करायचं काम एकच. ते चार ‘तुटके’ एकामागून एक लावा, शंभरच्या ऑइल लेन्सखाली घ्या. कव्हर स्लिपच्या कडेला सुईने अगदी हलका दाब दिला आणि जेली अजून मऊ असेल तर सिस्ट थोडासा गडगडतो. वाटीचं तोंड तुमच्याकडे आणा. कडा गोलाकार, स्वच्छ आणि मध्ये कोन असलेली आहे का? पोटाच्या बाजूला तिच्यातून एक छोटी जीभ वर आलेली दिसते का? कडेच्या लगेच खालच्या ओळीत काटे किती? तीन फोकसला तीन फोटो काढा, मापाची पट्टी घालायला विसरू नका, आणि इथेच खाली टाका. स्लाइडच्या पेटीत एखादं सुटं, चार-पाच कोनांचं, मध्ये एकच काटा असलेलं भिंतीचं तुकडं दिसलं तर तेही फेकू नका, त्याचाही फोटो द्या. होमोट्रिब्लियमची वरची वाटी अशीच एकेका पट्टात सुटी होते.